नकाशावरचं टिंब आणि आमचे टेलर मास्तर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या जिल्हा पानावर चार ओळींची एक बातमी होती. आमच्या गावच्या पतसंस्थेच्या चेअरमनविरुद्ध संस्थेच्याच वेबसाइटवरून कुणीतरी निनावी तक्रार पाठवली, आयपी अ‍ॅड्रेसवरून तिचा छडा लागला आणि ती ‘बसस्थानक परिसरातील एका शिवणकाम व्यावसायिकाच्या घरातून’ आल्याचे ‘निष्पन्न झाले’, असं त्यात होतं. नाव तुम्ही छापलं नाहीत. पण आमच्या स्टँडपाशी शिलाई मशीन एकाच घरात आहे. त्यामुळे नाव न छापण्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

ज्या आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवर जोडणीला मिळणाऱ्या आकड्यावरून, हा छडा लागला म्हणता, तो आमच्याकडचा. खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी आणि माझे मिस्टर घरोघर फायबरचं इंटरनेट देतो. १९९६ पासून आमची केबल होती, पुढे लोकांनी टीव्ही सोडून मोबाइल धरला तसे आम्हीही इकडे वळलो. खांब, शिडी, वायर आणि माकडांनी कुरतडलेले जोड हे खातं त्यांचं. मशीनची खोली, बिलं, नोंदी आणि नेट गेल्यावर येणाऱ्या शिव्या हे माझं. गावात मला ‘वायफायवाल्या वहिनी’ म्हणतात. पत्राखाली नावगाव छापू नये अशी विनंती शेवटी केली आहे. ती माझ्यासाठी नाही, मास्तरांसाठी आहे. त्यांना मी इथे नुसतं मास्तरच म्हणते.

तक्रार कशाबद्दल होती तेही सांगते, कारण बातमीत ‘गंभीर आरोप’ असा शब्द होता. वार्षिक सभेच्या जेवणाचं बिल. सभेला माणसं किती आणि ताटं किती, एवढाच प्रश्न त्यात विचारलेला होता. उत्तर द्यायचं सोडून प्रश्न कोणी विचारला याचा शोध सुरू झाला. चेअरमनसाहेबांचा पुतण्या पुण्याला शिकून आलाय, मुलगा हुशार आहे. त्यानं वेबसाइट सांभाळणाऱ्याकडून तक्रार आली त्या वेळची नोंद मागवली. त्यातला आयपी अ‍ॅड्रेस उचलला, ‘या आयपीचं लोकेशन शोधा’ म्हणणाऱ्या एका फुकट साइटवर टाकला आणि समोर नकाशा उघडला. नकाशावर लाल टिंब. टिंब मोठं करत करत गेला तर स्टँड दिसला, स्टँडच्या मागची बोळ दिसली आणि मास्तरांच्या घराचा पत्रा दिसला.

सोमवारी सकाळी जीपमधून चौघं मास्तरांकडे गेले. जूनचा पहिला आठवडा, मास्तर शाळेच्या गणवेशांच्या ढिगाऱ्यात बसलेले. चौघांनी त्यांच्यासमोर मोबाइल धरला. नंतर मास्तर माझ्याकडे येऊन म्हणाले, “वहिनी, खरंच माझाच पत्रा होता हो. गेल्या पावसात टाकलेली निळी ताडपत्रीसुद्धा दिसत होती.” आकाशातून काढलेल्या फोटोत आपल्या घरावरची ताडपत्री ओळखू आल्यावर माणूस काय बोलणार? त्यांनी घरात जाऊन मुलीला विचारलं, “तू काही केलंस का?” पोरगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन दिवस बापाशी बोलली नाही.

आता माझं म्हणणं ऐका. मास्तरांच्या घरात आमचं कनेक्शन नाही. कधीच नव्हतं. मास्तरांकडे बटणांचा फोन आहे. मुलीकडे मोबाइल आहे, पण त्यात नेट मोबाइल कंपनीचं. तो आयपी अ‍ॅड्रेस आमच्या खोलीतल्या मशीनमधून बाहेर पडतो. ज्या घरात आमची वायरच गेलेली नाही, त्या घरातून तो बाहेर कसा पडेल? हे मला कुणी विचारलं असतं तर चहा गार व्हायच्या आत उत्तर दिलं असतं. विचारायला कुणी आलं नाही. बातमी छापण्याआधी तुमचे वार्ताहरही आले नाहीत.

मग टिंब त्या पत्र्यावर का पडलं?

आयपी अ‍ॅड्रेस हा आकडा असतो, त्यात गल्ली-घर नंबर काही लिहिलेलं नसतं. हे आकडे गठ्ठ्यांनी वाटले जातात. आपल्या भागासाठी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची एपनिक ही संस्था, आणि भारतात तिच्या हाताखाली आयआरआयएनएन. आम्हाला तिथून २५६ पत्त्यांचा एक ब्लॉक मिळाला. तो कोणाच्या नावे आहे, त्यांचं ऑफिस कुठे, फोन कोणता, हे कुणालाही नेटवर बघता येतं. म्हणजे आकड्यावरून खात्रीनं काय कळतं, तर हा ब्लॉक आमचा आहे एवढं. लोकेशन सांगणाऱ्या साइट्स ही नोंद बघतात, शिवाय इकडून तिकडून आणखी माहिती गोळा करतात. कुणाच्या मोबाइलनं जीपीएस चालू असताना कुठला आयपी वापरला ते विकत घेतात. सिग्नल जाऊन यायला किती वेळ लागला तेही मोजतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा एक मिलिसेकंदात उत्तर आलं तर मशीन शंभर किलोमीटरच्या आत आहे, असा तो हिशेब. या सगळ्यातून देश बहुतेक वेळा बरोबर निघतो. शहर कधी बरोबर, कधी चूक. घर निघत नाही.

पण साइटला नकाशा दाखवायचा असतो, आणि नकाशावर टिंब कुठेतरी टेकवावंच लागतं. ‘हे गाव असावं’ असा अंदाज निघाला की गावाच्या मध्याचे अक्षांश-रेखांश लावून मोकळे. आमच्या गावाचा मध्य त्यांच्या लेखी स्टँडमागच्या बोळात येतो. आमच्या कुठल्याही ग्राहकाचा आयपी त्या साइटवर टाका, मळ्यातल्या वस्तीवरचा टाका नाहीतर माझ्या देवघरातला टाका, टिंब मास्तरांच्या पत्र्यावरच पडतं. मी पुतण्याला ऑफिसात बोलावून वीस वेळा करून दाखवलं. विसाव्यांदा तो हसला, पण तोंड उतरलं होतं.

अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हापुढे चार आकडे असतात. त्यानं माणूस फसतो. चार आकडे म्हणजे हिशेबानं दहा-अकरा मीटरपर्यंत अचूक जागा. इतकं बारीक लिहिलंय म्हणजे मोजूनच लिहिलं असणार असं वाटतं. त्याच पानावर खाली करड्या अक्षरांत आणखी एक ओळ होती, ती चौघांपैकी कुणी वाचली नाही. अचूकता ५० किलोमीटर. टिंबाभोवती ५० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात तासगाव येतं, पलूस येतं, कडेगाव येतं. क्षेत्रफळ मी मुलाकडून काढून घेतलं, ७,८५० चौरस किलोमीटर भरतं. आपला अख्खा सांगली जिल्हा साडेआठ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे साइटचं म्हणणं इतकंच, की माणूस साधारण सांगली जिल्ह्याएवढ्या जागेत कुठेतरी आहे. त्यावरून तुम्ही ‘घरातून’ छापलंत.

हे आपल्याकडच्या अडाणीपणामुळे होतं असं समजू नका. अमेरिकेत याहून मोठं झालंय. कॅन्सस राज्यात पॉटविन नावाच्या गावाजवळ एक शेत आहे, शेतात एक घर. मॅक्समाइंड नावाची कंपनी आयपीवरून ठिकाण सांगणारी माहिती विकते. ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत आहे’ यापलीकडे काहीच कळत नव्हतं, त्यांना तिनं देशाचा मध्य लावून दिला होता. खरा मध्य कॅन्ससच्या उत्तर टोकाला येतो, पण आकडे वेडेवाकडे नकोत म्हणून सरळ ३८ आणि ९७ असे गोल केले. तो बिंदू नेमका या शेतात. साठ कोटींहून जास्त पत्ते त्या एका घरावर लागले. मग कोणाची गाडी चोरीला गेली, कोणाला ऑनलाइन फसवलं, कोणाची पोरगी घरातून निघून गेली, सगळे त्या दारात. पोलीस यायचे, केंद्राचे तपास अधिकारी यायचे, रुग्णवाहिका यायची. कुणीतरी वाटेत फुटकं संडासाचं भांडं आणून टाकलं. शेवटी तिथल्या शेरीफनं रस्त्याच्या तोंडाला पाटी लावली, की या लोकांना त्रास देऊ नका, काही असेल तर मला विचारा. वर्षानुवर्षं त्या घरातल्यांना कळत नव्हतं की जग आपल्याच मागे का लागलंय. २०१६ साली एका पत्रकार बाईनं उलगडा केला, तेव्हा कंपनीनं ते टिंब उचलून एका जलाशयात टाकलं.

मास्तरांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि विचारलं, “त्यांचं गिऱ्हाईक तुटलं का?” मी म्हटलं, ते शेतीवाले, त्यांना गिऱ्हाईक कुठलं. मास्तरांचं मात्र तुटलं. लोक भांडत नाहीत, नुसते दुसरीकडे शिवायला टाकतात.

टिंबाचं झालं. आता समजा टिंब नव्हतंच, नुसता आकडा घेऊन कुणी माझ्याकडे आलं असतं, तर मी घर सांगू शकले असते का? तरीही नाही. हे मात्र साइटवर लिहिलेलं नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुन्या पद्धतीचे हे पत्ते जगात मिळून ४२९ कोटी. १९८१ साली नियम लिहिले तेव्हा ते न संपणारे वाटले असतील. २०११च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठा संपला. आम्हाला मिळाले २५६, आणि आमची घरं आहेत एकोणीसशे. दूध कमी आणि खाणारी तोंडं जास्त, अशा वेळी आई जे करते ते आम्ही करतो. काही पत्ते सूतगिरणी, यंत्रमागवाले, दवाखाने यांना कायमचे दिलेले, काही आमच्या मशीनना. उरलेल्यांतल्या साठेक पत्त्यांवर एकोणीसशे घरं बसवलेली आहेत. एका पत्त्यामागे साधारण ३२ घरं. एका पत्त्याला ६५,५३६ दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. एकेका घराला दोन हजार दारांचा गठ्ठा नेमून दिला की पाहुण्यांची सरमिसळ होत नाही. मोबाइल कंपन्यांकडेही असाच प्रकार, फक्त तिथे एका पत्त्यामागची गर्दी आमच्यापेक्षा खूप मोठी.

म्हणून घर काढायचं तर मला तीन गोष्टी लागतात. पत्ता, सेकंदापर्यंत वेळ, आणि दाराचा नंबर. पतसंस्थेच्या वेबसाइटच्या नोंदीत दाराचा नंबर नव्हता. बहुतेक वेबसाइट तो लिहून ठेवतच नाहीत. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी २०११ सालीच सांगून ठेवलंय की सर्व्हरवाल्यांनो, पत्त्याबरोबर पोर्टही लिहा, कारण यापुढे पत्ता एकट्याचा राहणार नाही. ऐकतंय कोण.

नव्या पद्धतीचे पत्ते, ज्याला आयपीव्ही६ म्हणतात, भरपूर आहेत. तिथे प्रत्येक घराला आपापला गठ्ठा देता येतो आणि घर ओळखणंही सोपं होतं. पण जुने राउटर बदलायला सांगितलं की लोक म्हणतात, चाललंय की वहिनी.

पुतण्यानं माझ्याकडे त्या ३२ घरांची यादी मागितली. दिली नाही. यादी मागायचा अधिकार पोलिसांना, तोही रीतसर. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ची नोटीस येते, त्यात पत्ता, तारीख, वेळ असते, मी नोंदी काढून लेखी उत्तर देते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ९१ होतं. गेल्या काही वर्षांत अशा चार नोटिसा आल्या, चारही वेळा वेळेवर उत्तर दिलं. चेअरमनच्या पुतण्याला किंवा वार्ताहराला यादी देण्याचं कलम अजून निघालेलं नाही. मी त्याला इतकंच म्हटलं, “घरी जा, तुमच्या वायफायवर ‘माझा आयपी काय’ असं शोध आणि तुझ्याकडच्या आकड्याशी जुळवून बघ.” संध्याकाळी फोन आला. थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “ताई, तोच आहे.”

यावरून तक्रार चेअरमनसाहेबांच्या बंगल्यातून झाली असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर मीही बत्तिसातल्या एकाला बोट लावून मोकळी झाले, म्हणजे त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्या आकड्यामागे बत्तीस दरवाजे आहेत आणि त्यातला एक त्यांचा आहे, एवढंच.

वेळेची गंमत राहिलीच. नोंदीत वेळ होती २ वाजून ४० मिनिटं. पुतण्यानं आणि इतरांनी ती रात्रीची धरली. त्यावरून तर मास्तर पक्के अडकले, कारण गणवेशाच्या हंगामात त्यांची मशीन रात्री दोन-अडीचपर्यंत चालते, अख्ख्या बोळाला ऐकू येते. ‘एवढ्या रात्री गावात जागं कोण? मास्तर!’ असा पुरावा. मी नोंदीची ती ओळ पुतण्याच्या मोबाइलवर पाहिली. वेळेच्या पुढे अधिकचं चिन्ह आणि चार शून्यं होती. म्हणजे घड्याळ लंडनमधल्या ग्रिनिचचं. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तक्रार गेली ती सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी. त्या वेळी मास्तर स्टँडवर दूध आणायला गेलेले असतात, आणि निम्मं गाव मोबाइल घेऊन चहा पीत असतं.

साडेपाच तासांची ही चूक फार सहज होते, म्हणून सांगते. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले, त्यात नोंदी १८० दिवस देशात जपून ठेवा हे आहे, आणि मशीनचं घड्याळ सरकारच्या एनआयसी या संगणक केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवून ठेवा हेही आहे. तेव्हा आम्ही लहान धंदेवाल्यांनी त्यावर कुरकुर केली होती. मीसुद्धा. आता करत नाही.

चुकीचा माणूस धरला गेला तर काय होतं, हे महाराष्ट्राला माहीत आहे, फक्त आपण विसरलो. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला होता. पुणे पोलिसांनी आयपी अ‍ॅड्रेसवरून माग काढला, इंटरनेट कंपनीला ग्राहकाचं नाव विचारलं आणि कंपनीनं चुकीच्या ग्राहकाचं नाव दिलं. बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला घरातून उचलून आणलं. तो येरवड्याच्या तुरुंगात सुमारे ५० दिवस होता. त्यानं काहीच केलेलं नव्हतं. तेव्हा आमची नुसती केबल होती, पण ती बातमी मी कापून ठेवली होती. आज माझ्या नोंदींच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. नोटिशीला उत्तर लिहायला बसले की आधी ती दिसते. मग आकडा दोनदा तपासते, मिस्टरांना मोठ्यानं वाचायला लावते आणि मगच सही करते.

मी असं म्हणत नाही की आयपीवरून काहीच कळत नाही, वाट्टेल ते करा. पोलीस गुन्हेगार शोधतात ते त्याच धाग्यानं. पण आयपी हा पहिला धागा. तो इंटरनेट कंपनीपर्यंत येतो, पुढे कंपनीची नोंद, मग घर. घरातही बाप, मुलगा, भाडेकरू, पासवर्ड मागून घेतलेला शेजारी असे चार जण असतातच. तुमच्या बातम्यांत मोबाइलचा टॉवर, हँडसेटचा आयएमईआय नंबर, जीपीएस आणि आयपी सगळ्याला एकच ‘लोकेशन ट्रेस केले’ असतं. जेवण घरपोच आणणाऱ्या अ‍ॅपला आपलं दार सापडतं ते आयपीवरून नव्हे. मोबाइलला ‘लोकेशन वापरू दे का’ विचारल्यावर आपणच हो म्हटलेलं असतं. मग जीपीएस, आसपासची वायफाय नावं आणि टॉवर मिळून दार सांगतात.

उलट बाजूनं आयपी लोकांना किती घाबरवतो ते मला रोज दिसतं. आमच्या गावचे एक निवृत्त गुरुजी मागे रात्री साडेनऊला धापा टाकत आले. ईमेलवाल्यांकडून निरोप आला होता, ‘तुमच्या खात्यात नवीन साइन-इन, मुंबई’. पेन्शनचं खातं गेलं म्हणून बाईंनी घरी रडायला सुरुवात केलेली. मी विचारलं, गुरुजी, नऊ वाजता काय करत होता? तर लाइट गेले होते, वायफाय बंद, म्हणून मोबाइलच्या नेटवर ईमेल उघडला. मोबाइल कंपनीचं नेट बाहेर पडतं मुंबईतून, म्हणून मुंबई. अशा निरोपात गावाच्या नावापेक्षा फोन कुठला आणि वेळ काय हे आधी बघावं. दोन्ही आपलंच असेल तर झोपावं. नसेल तर पासवर्ड बदलावा, मग गावाचं नाव आपलं असलं तरी.

आणि आमच्या तालुक्यातली कित्येक घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी आटवायला मुलं केरळ-तमिळनाडूपासून थेट उत्तरेपर्यंत गेलेली. आयांना वाटतं मोबाइलवरून पोरगा कुठे आहे ते कळतं. एकीच्या मुलाचा आयपी परदेश दाखवत होता. तो कोइमतूरच्या खोलीतच होता, क्रिकेट बघायला व्हीपीएन लावलेलं, म्हणजे आपलं नेट दुसऱ्या देशातल्या मशीनमधून फिरवून नेणारं अ‍ॅप. याच्या उलटही होतं. २०२२ च्या त्या निर्देशांनंतर काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातली मशीन हलवली आणि ‘भारतीय’ पत्ते सिंगापूर, ब्रिटनमधल्या मशीनवरून द्यायला सुरुवात केली. साइट सांगणार भारत, मशीन समुद्रापलीकडे.

आता आपल्याकडे मागणं. त्या बातमीचा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात छापा. ‘संबंधित आयपी अ‍ॅड्रेस अनेक ग्राहकांचा सामायिक असून त्यावरून कोणत्याही घराचा बोध होत नाही, बसस्थानक परिसरातील व्यावसायिकाचा त्याच्याशी संबंध नाही’ एवढी ओळ पुरे. शाळा उघडून महिना झाला, गणवेश गेले, पण पुढे दिवाळी आहे. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका तुमचं जिल्हा पान वाचतात, हे मी खात्रीनं सांगते. आणि पुढे कधी कुणी वार्ताहर ‘आयपीवरून घर सापडले’ असं लिहून पाठवेल, तेव्हा उपसंपादकांनी त्याला एकच विचारावं, घर कुणी सांगितलं? कंपनीच्या लेखी उत्तरानं की फुकटच्या नकाशानं?

मी माझ्याकडून एक गोष्ट केली. आमच्यासारख्यांना आपला ब्लॉक कुठे वापरला जातो हे एका छोट्या फाइलमध्ये स्वतः जाहीर करता येतं, जिओफीड म्हणतात तिला. देश, राज्य, शहर अशी एकेक ओळ. सुरुवातीला मी मोठ्या हौसेनं तिथे आमच्या गावाचं नाव घातलं होतं. आपलं गाव जगाच्या नकाशावर, म्हणून. म्हणजे मास्तरांच्या पत्र्यावर ते टिंब आणायला माझाही हात लागला होता, हे इथे लिहून ठेवते. मास्तरांना तोंडी सांगितलंय. मी गावाचं नाव काढून सांगली केलं आणि त्या साइट्सना दुरुस्ती कळवली. दोघांनी दोन आठवड्यांत बदललं, एक अजून पुणे दाखवते, ते का ते त्यांनाच ठाऊक.

मग रात्री झोप येईना. गावाचं टिंब सांगलीला पाठवलं, पण सांगलीत ते कोणाच्या घरावर पडलं? रविवारी मिस्टरांना मोटरसायकल काढायला लावली आणि आकडे घेऊन आम्ही तिथे गेलो. मार्केट यार्डाच्या बाजूला एक बंद गोदाम निघालं, शटरला गंज, पुढ्यात बाभूळ. शेजारी चहाची टपरी होती. दोन कटिंग घेतल्या आणि टपरीवाल्याला विचारलं, इथे कोणी चौकशीला वगैरे येतं का हो? तो म्हणाला, “नाही बा. कशाची?” मी त्याला आमचा फोन नंबर देऊन आलेय.

आपली नम्र,
एक इंटरनेट जोडणी व्यावसायिक, ता. खानापूर, जि. सांगली
(नाव व गाव प्रसिद्ध करू नये)